दारात आलेलं नवं मशीन

"उघड ना ताई!" धाकटा भाऊ खोक्याची चिकटपट्टी ओढत म्हणाला, तिने मात्र हात मांडीवरून उचललेच नाहीत...

शिलाई मशीन! तेच, दुकानाच्या काचेत मांडलेलं, काजं आपोआप करणारं. महिनाभर कामावरून परतताना ती त्याच्यासमोर थांबत होती, आणि तोच महिनाभर रोज सकाळी गुडघे टेकून मागत होती, "प्रभू, ही हाव माझ्या मनातून काढ." जुनं मशीन ठणठणीत होतं, त्याच्यावर लोकांचे पडदे शिवून तिने आईच्या माघारी या भावाला शिकवलं होतं, चालून आलेलं स्थळ परत पाठवलं होतं. आणि आता तीच हाव लाडक्या भावाच्या खांद्यावर बसून घरात आली होती! ही परीक्षा म्हणायची, की प्रार्थनेचं उत्तर? तिला काहीच कळेना.

"परत ने रे हे."

"का? प्रभूला मशीन चालत नाही?"

"थट्टा नको. मला फार हवंय ते... म्हणूनच भीती वाटते."

त्याचा चेहरा उतरला. "तुझं नेहमीचंच! त्याग तू करायचास, आणि मी जन्मभर ओझ्याखाली राहायचं. एकदा तरी घे काहीतरी, म्हणजे मी सुटेन!"

सुटेन...! शब्द निसटला तसा त्याने खोक्यावरचा हात मागे घेतला.

वेगळा राहायला गेल्यापासून वर्षभरात त्याने मिक्सर पाठवला, घड्याळ पाठवलं, मऊ चपला पाठवल्या. दरवेळी दुकानाचा माणूस आला, भाऊ नाही. आणि प्रत्येक वस्तू परत करताना आपण मोह जिंकला असं तिला वाटलं होतं! की भावाचाच हात झिडकारला होता? की तोच वस्तू पुढे करून मागे लपत होता? दोन्ही खरं वाटत होतं, आणि मन ठिकाणावर येत नव्हतं.

"मी बांधून ठेवलं का रे तुला?"

"नाही गं ताई..." त्याने मान खाली घातली. "पाठवलेलं सगळं परत यायचं, आणि रिकाम्या हाताने यायची लाज वाटायची."

"वेडा कुठला! मला हल्ली सुईचं नेढं दिसत नाही. दोरा ओवायला शेजारणीला हाक मारते मी!"

तो जुन्या मशीनपुढे बसला, दोरा ओठांत ओला करून डावीकडून ओवू लागला.

"उजवीकडून रे, शहाण्या!" ती रडता रडता हसली.

जाताना त्याने खोकं उचललं. तिची नजर त्याच्यामागे दारापर्यंत गेली. हाव गेली नव्हती... पण तिने हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दार वाजलं. भाऊच होता, आणि त्याने काहीही आणलं नव्हतं.