खाणीच्या पाण्यात धुतलेले कागद

“त्या पाण्यात पायाचं बोटसुद्धा बुडवायचं नाही, सांगून ठेवते!” आत्याचा हा आवाज माझ्या लहानपणाचा. मार वडिलांचा खाल्ला, पण धाक तिचाच.

पाणी म्हणजे तांब्याच्या जुन्या खाणीचं तळं. साहेब लोक राज्य सोडून निघाले, जाताना उपशाचे पंप बंद करून गेले. खाण भरली. सात जण खालीच राहिले. अजून तिथं गवत धरत नाही, बेडूक बोलत नाही.

मी छायाचित्रकार. साहेबांनी मागं काय ठेवलं, त्याचं प्रदर्शन मांडत होते. तळ्याच्या फलकावर मी लिहिलं होतं : ‘खाली माणसं आहेत, हा निरोप मुकादमानं पंपघरात धाडला नाही.’ मुकादम म्हणजे माझे आजोबा. सगळे तेच सांगत आले, आजोबाही कधी उलटून बोलले नाहीत.

माझी पद्धत साधी. कॅमेरा आठ मिनिटं उघडा ठेवायचा; तेवढ्यात चालतं माणूस उमटत नाही, निश्चल उभं राहिलेलंच उमटतं. मग छापलेला कागद तळ्याच्याच पाण्यात धुवायचा. त्यानं हिरवट छटा चढते.

त्या दुपारी काठावर मी एकटी होते. निगेटिव्हवर नुसतं पाणी.

पहिल्या कागदावर पाण्यात सात माणसं होती. गळ्यापर्यंत. डाग असतील म्हटलं. त्याच निगेटिव्हचा दुसरा कागद नळाखाली धुतला. कोणी नाही. तिसरा पुन्हा तळ्याच्या पाण्यात. सात जण. कमरेपर्यंत.

चौथा ट्रेमध्ये होता तेव्हा आत्यानं दार ढकललं.

“ताट वाढून तास झाला. फोटोंनी पोट भरतं का गं तुझं?”

मी कागद उचलून धरला. ते काठावर आले होते. माना एका बाजूला, कान देऊन ऐकत असल्यासारख्या.

आत्याचा हात कडीवरच राहिला.

“ओळखतेस?”

“जेवायला चल.”

“आत्या.”

ती कागदाजवळ आली. थेंब टपकत होते. माना तिच्याकडे वळलेल्या होत्या. मघाशी नव्हत्या.

ती बोलली, पण माझ्याशी नाही.

“बाबांनी धाडला होता निरोप. माझ्याच हाती. नऊ वर्षांची होते मी. पंपघराच्या दारात साहेबाचा कुत्रा सुटा होता. मी अर्ध्या वाटेतूनच फिरले. बाबांनी विचारलं, सांगितलंस ना? मी म्हटलं, हो, सांगितलं.”