शनिवार सोडून कोणताही दिवस

विषय : सदनिका क्रमांक १५ च्या बाल्कनीची फेरतपासणी करणेबाबत.

संदर्भ : १) सोसायटीचे तपासणी रजिस्टर, पान ७.
२) श्रीमती दिना एझरा नवगावकर, सदनिका क्रमांक ११, यांचा अर्ज, आवक क्रमांक १९.
३) माझा अर्ज, आवक क्रमांक ४१.

महोदय,

उपरोक्त विषयाबाबत खुलासा खालीलप्रमाणे.

महोदय म्हणजे आमचे चेअरमन चारुदत्त. न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं सोडवण्याची नोकरी. सोमवार ते शुक्रवार हा माणूस अंधारात जातो आणि अंधारात येतो, रविवारी सासुरवाडीला उरणला असतो. त्यामुळे सोसायटीचं जे काही व्हायचं ते शनिवारी होतं. मी सेक्रेटरी. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं आवक-जावक बारनिशी सांभाळली. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, मी सोसायटीच्या कमिटीवर गेलो. पाप धुण्याऐवजी करायला जागा मिळाली, एवढाच फरक.

आमची इमारत पनवेलची, अडतीस वर्षांची. चार मजले, मजल्यावर चार घरं, प्रत्येक घराला एक बाल्कनी. पंधरा नंबरमध्ये मी आणि माझी बायको पद्मजा. आमच्या बरोबर खाली, अकरा नंबरमध्ये, दिनाताई, इथल्याच मराठी ज्यू. नवरा एझरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा यायर आणि मुलगी नाओमी इस्राएलात. दिनाताई इथेच राहिल्या. तिकडे मराठीत भांडायला कोणी नाही, असं म्हणायच्या.

त्यांचं आणि पद्मजाचं दळणवळण दोरीनं चालायचं. आमच्या कठड्याला एक दोरी, तिला कापडी पिशवी. खालून मलिदा वर यायचा, वरून थालीपीठ खाली जायचं. जिने चढायला दोघींचे गुडघे तयार नव्हते, गप्पांना मात्र चारही गुडघ्यांची हरकत नव्हती.

गेल्या पावसाळ्यानंतर बाल्कन्यांची तपासणी ठरली. इंजिनिअर अथर्व, नवीन मुलगा, हातात लहान हातोडी. काँक्रीटवर हातोडी मारायची. टण् असा आवाज आला तर आत भरीव आहे. बद्द आवाज आला तर आतली सळई गंजून फुगली आहे, काँक्रीट सुटलं आहे, आणि ते कधी खाली येईल हे त्यालाच ठाऊक. दिवस अर्थातच शनिवार.

आदल्या गुरुवारी दिनाताई अर्ज घेऊन आल्या. रेघांचा कागद, सुबक अक्षर.

"नाना, शनिवार सोडून कोणताही दिवस द्या. शनिवारी मी घरात ठोकाठोक करू द्यायची नाही."

"दिनाताई, तुमच्या देवाला हातोडीचा काय त्रास?"

"देवाला नसेल, मला आहे. पण तपासा हो लवकर. कपडे वाळत घालताना पायाखाली कसंसंच होतं. यायर फोनवर म्हणतो, आई, तू बाहेर जाऊच नकोस."

"मग जाऊ नका."

"आणि तारे कुठून बघू? शुक्रवारी सूर्य बुडाला की माझा शनिवार लागतो, आणि शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसल्याशिवाय तो सुटत नाही. ते काय न्हाणीघरातून दिसतात?"

मी अर्जावर आवक क्रमांक टाकला. माझ्या दृष्टीनं अर्जाला क्रमांक पडला की निम्मं काम झालेलं असतं.

शनिवारी आम्ही दहा बाल्कन्या ठोकून पाहिल्या. अकरा नंबरची बेल वाजवली. दार उघडलं नाही, उघडणार नव्हतंच. ऊन चढलं होतं, अथर्वला घाम आला होता. मी त्याला आमच्या घरी नेलं. पद्मजानं चहा दिला. कपबशी हातात धरून अथर्व म्हणाला, "नाना, राहिलेल्यांचं काय करायचं? अकराचं?"

"रकाना रिकामा ठेवला तर इमारतीला मजबुतीचा दाखला मिळतो का?"

"नाही मिळत."

मी रजिस्टर पुढे ओढलं. अकरा ते सोळा, सहाही ओळींत लिहिलं : ठोकून पाहिली. आवाज भरीव. ठीक. अथर्वनं सही केली, त्याखाली मी केली. माझं अक्षर चांगलं आहे. छत्तीस वर्षांत माझ्या अक्षरातल्या नोंदीवर कोणी शंका घेतलेली नाही.

पाच आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी, दिनाताई तारे बघायला बाहेर आल्या. पद्मजा वरून बोलत होती. एक तारा कर्नाळ्याच्या बाजूला दिसला, दुसरा पाण्याच्या टाकीवर. "तिसरा कुठेय गं?" असं विचारत त्या कठड्यावर जरा पुढे झुकल्या, आणि बाल्कनीचा पुढचा अर्धा भाग त्यांच्यासकट खाली गेला. ओरडायला वेळ मिळाला नाही. पार्किंगमधल्या एका मोटारीचा अलार्म मात्र बराच वेळ वाजत राहिला.

पोलीस आले. मी रजिस्टर दाखवलं. ठीक. मग असं कसं झालं, हा प्रश्न उरला. तो मी सोडवला. पंचनाम्यात एक वाक्य सुचवलं : बाल्कनीत जड कुंड्या होत्या. वास्तविक कुंडी एकच होती, सब्जाची, दोन ओंजळी मातीची. पण एकवचनानं काम भागत नव्हतं.

यायर आला. उंच, थकलेला. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "नाना, तपासली होती ना तुम्ही?"

"स्वतः उभा होतो, बाबा."

"निदान तुम्ही तरी लक्ष ठेवलंत," तो म्हणाला. "आभारी आहे."

त्या आठवड्यात घाबरलेल्या रहिवाशांचे तेरा अर्ज आले. सगळ्यांना फेरतपासणी हवी. एक जरी बाल्कनी पोकळ निघाली असती तर रजिस्टरचं पान सात वाचायला नवे वाचक मिळाले असते. म्हणून मी नियम केला : नोंद 'ठीक' असलेल्या बाल्कनीची फेरतपासणी हवी असल्यास अर्जदारानं कारणांचा सविस्तर लेखी खुलासा जोडावा, त्याशिवाय अर्ज विचारात घेतला जाणार नाही. चारुदत्तनं सही केली. खुलासा लिहायचा म्हटल्यावर तेराही जणांची भीती गेली.

अकरा नंबरच्या बाल्कनीचा उरलेला भाग आम्ही तोडून घेतला. दाराच्या जागी विटा लावल्या. आता आमच्या बाल्कनीखाली भिंतीतून बाहेर आलेल्या चार गंजक्या सळया आहेत, आणि त्याखाली दुसऱ्या मजल्यापर्यंत नुसती हवा.

विटा लावल्यानंतरच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, मी पेपर वाचत होतो. लख्ख ऊन होतं. बाहेरून आवाज आला.

टण्... टण्... टण्...

मी बाल्कनीच्या दारात गेलो. आवाज खालून येत होता. आमच्या बाल्कनीच्या तळाला कोणी हातोडी मारत होतं. भिंतीच्या कोपऱ्यापासून सुरुवात, मग वीतभर पुढे, मग आणखी वीतभर. कठड्यापर्यंत पोचलं की थांबायचं. मग पुन्हा भिंतीपासून, दुसरी ओळ. मी गुडघ्यांवर बसून कठड्याच्या गजांतून खाली पाहिलं. चार सळया. हवा. खाली पार्किंगमध्ये झोपलेलं कुत्रं. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खालच्या हवेकडे पाहिलं, आणि उठून निघून गेलं.

इतकी कसून तपासणी मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

मंगळवारी पुन्हा. बुधवारीही. शुक्रवारी ठोके संध्याकाळपर्यंत चालले आणि सूर्य बुडताक्षणी बंद झाले. शनिवारी दिवसभर शांतता. मी सुटलो असं समजलो. शनिवारी संध्याकाळी पद्मजा बाहेर उभी राहून आकाशाकडे बघत होती. ती स्वतःशीच म्हणाली, "हा तिसरा." आणि तिच्या पायाखाली ठोके सुरू झाले.

तेव्हा मला तपासणारं कोण आहे ते कळलं.

मी चारुदत्तला गाठलं. "माझ्या बाल्कनीखाली आवाज येतो."

"नाना, शनिवारी अथर्वला घेऊन येतो ना."

"शनिवारी येत नाही आवाज."

"म्हणजे?"

"शनिवार सोडून कोणत्याही दिवशी या," असं मी म्हणालो. शब्द दिनाताईंचे होते.

"जमत नाही हो," चारुदत्त हसला. "आणि तुमची नोंद तर ठीक आहे. अर्ज करा, खुलासा जोडा. नियम तुमचाच आहे, मी मोडू की काय?"

गुपचूप कारागीर आणावा, तर परांची बांधावी लागते. परांची बांधली की सोळा घरं खिडकीत येतात. मी बाल्कनीच्या दाराला कुलूप घातलं. पद्मजानं ते काढून माझ्या पेपरवर ठेवलं.

"कपडे काय तुमच्या बारनिशीत वाळत घालू?"

दुसऱ्या आठवड्यात आवाज बदलला. भिंतीजवळ अजून टण्, पण कठड्याकडे गेलं की... बद्द. आणि तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारी पद्मजा आत आली, तिच्या हातात ती जुनी कापडी पिशवी होती.

"दोरी हलत होती. ओढून घेतली."

पिशवीत काँक्रीटचा ढपला होता, पुरीएवढा. एका बाजूला गंज, दुसऱ्या बाजूला आमच्याच बाल्कनीच्या तळाचा पिवळा रंग. पिशवीला सब्जाचा ओला वास येत होता. मला वाटलं पद्मजा किंचाळेल. तिनं ढपला पदरानं पुसला आणि खिडकीत ठेवला.

"नमुना आहे," ती म्हणाली. "दिनाताईंचं काम पहिल्यापासून व्यवस्थित."

पुढच्या शुक्रवारी आणखी एक आला, भाकरीएवढा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दोन, मग तीन. आता खिडकीत सात आहेत, लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेले. शेजारणी विचारतात, तेव्हा पद्मजा सांगते, वरचेवर भेट येते.

मागच्या रविवारी तिला चष्म्याची काडी बसवायला बारीक पेचकस हवा होता. ती माझ्या खणात शोधत होती. मी अंघोळ करून आलो तेव्हा ती खुर्चीत बसली होती आणि तिच्या मांडीवर रेघांचा कागद होता. आवक क्रमांक १९.

"अहो, अकरा नंबर तुम्ही कुठल्या वारी तपासली?"

"शनिवारी."

"दार कोणी उघडलं?"

मी टॉवेल दांडीवर नीट पसरला.

"तीस वर्षांत तिनं शनिवारी दूधवाल्याला दार उघडलं नाही," पद्मजा म्हणाली. "तुम्हाला कसं उघडलं?"

"उघडलं," मी म्हणालो.

तिनं कागदाची घडी घातली. "आणि आपली? आपली ठोकून पाहिलीत? मी घरात होते. मला आवाज आठवत नाही. मला चहा आठवतो."

"ठीक आहे आपली. नोंद आहे."

"बरं," ती म्हणाली. त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. सोमवारपासून मात्र तिनं आपली वेताची खुर्ची बाल्कनीत नेऊन ठेवली आहे. कठड्याला लागून. भाजी तिथेच निवडते, जपमाळ तिथेच ओढते. तिच्या खुर्चीखाली ठोके पडतात तेव्हा ती पाय हलवते, लय धरल्यासारखी.

सोमवारीच मी अर्ज दिला. आवक क्रमांक ४१. त्याला जोडायचा खुलासा तो हा. यात मी सर्व खरं लिहिलं आहे, आणि त्यामुळे तो कुठे द्यावा हे मला कळत नाही. हा चारुदत्तच्या हातात गेला की फेरतपासणी होईल, बाल्कनी वाचेल, पद्मजा वाचेल. नंतर हाच कागद यायरकडे जाईल, पोलिसांकडे जाईल. छत्तीस वर्षांचं अक्षर एका पानात जाईल.

आज शुक्रवार आहे. पंचांगात सूर्यास्त सहा वाजून सतरा मिनिटांनी दिला आहे. घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत. सूर्य बुडाला की दिनाताई थांबतात. मग उद्या संध्याकाळपर्यंत काही होत नाही. मी हिशेब करून बसलो आहे. बारा मिनिटांचा प्रश्न आहे.

आज ठोके एकाच ठिकाणी पडताहेत. भिंतीपाशी. जिथे आजवर टण् येत होतं तिथे...

बद्द... बद्द...

"अहो," पद्मजा बाहेरून हाक मारते आहे. "आज पिशवी फार जड आहे. मला एकटीला ओढवत नाही."

"सोड ती दोरी. आत ये."

"का हो?"

मी लिहितो आहे.

"का आत येऊ? ठीक आहे ना बाल्कनी? तुम्ही ठोकून पाहिलीय, सही आहे तुमची." खुर्ची सरकल्याचा आवाज. ती कठड्यापाशी उभी राहिली आहे, दोन्ही हातांत दोरी. दोरी ताठ आहे. ती ओढते आहे, पण दोरी वर येत नाही, थोडी थोडी खाली जाते आहे. "एवढंच सांगा, की पाहिली नव्हती. मी लगेच आत येते. नाहीतर या बाहेर आणि उभे राहा माझ्या शेजारी."

सहा वाजून अकरा मिनिटं.

"या ना," ती म्हणते. आणि तिच्या खालून, हवेतून, तेच दोन शब्द दुसऱ्या आवाजात... "या ना, नाना."

सब्जाचा वास खोलीत आला आहे. टेबलावर सिमेंटची बारीक धूळ बसते आहे, मी कागद झटकून पुढे लिहितो आहे.

आवक क्रमांक ४१ वरील अर्ज खुलाशाअभावी प्रलंबित आहे.