अक्काच्या हातच्या पेशी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण हे घडलंय. आमच्या काचीगुड्याच्या गीताच्या बाबतीत घडलंय.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

मागच्या आषाढातला बोनालूचा, म्हणजे देवीच्या जत्रेचा रविवार. शहराबाहेरची एक खासगी लॅब.

गीता तिथं पेशींवर काम करायची. पेशी आपल्या आतल्या भट्टीत चरबी जाळून जगते. लॅबमध्ये एक औषध होतं, ते त्या भट्टीचं दारच बंद करायचं. चरबी बाहेर साचत जाते आणि पेशी भरल्या घरात उपाशी मरते. माणसाला द्यायचं औषध नव्हे ते, फक्त बशीतल्या पेशींसाठी. त्याचं नाव लांबलचक, म्हणून सगळे त्याला ‘कुलूप’ म्हणायचे.

कुलपाचं सगळं काम भाग्यलक्ष्मी अक्कानं उभं केलं होतं. लॅबचा रिवाज असा, की पेशींना एकाच हातानं खाणं द्यायचं. हात बदलला की पेशी रुसतात. शिकलेली माणसंही हे मानतात, फक्त कबूल करत नाहीत. तो हात अक्काचा. म्हणून तिला रजा कधी मिळालीच नाही.

लॅबचे प्रमुख हिम्मतराव सर म्हणायचे, "भाग्यलक्ष्मी, तुमच्याशिवाय या पेशी जगायच्या नाहीत हो." सर कौतुक असं करायचे, की समोरच्याला काही मागायची लाज वाटावी.

कावीळ झाली तरी अक्का येत राहिली. जानेवारीत गेली.

सरांनी शोकसभा जेवणाच्या सुट्टीत उरकली. कामाचा खोळंबा नको.

मग गीताला बोलावलं. "अक्काचा शेवटचा प्रयोग पुन्हा करून दाखव. पेपरवर पहिलं नाव तुझं. नोकरी पक्की समज."

घरी मालनबाईनं, म्हणजे गीताच्या आईनं, पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

पण पेशी जगेनात. गीता बशा लावायची आणि सकाळी सगळं मेलेलं असायचं.

"तुझ्या हाताला गुण नाही गं," सर म्हणाले.

शेवटच्या बशा लावल्या आणि गीता तापानं पडली. पेशींना खाणं द्यायला कुणी नव्हतं. रविवारी ताप उतरल्यावर ती कशीबशी लॅबमध्ये गेली. सगळीकडे शुकशुकाट.

पेशींचं खाणं म्हणजे गुलाबी पाणी. शिळं झालं की पिवळं पडतं. ते पिवळंच असणार, हे धरून तिनं उबेच्या कपाटाचं दार उघडलं...

पाणी गुलाबी होतं.

ताजं.

कचऱ्याच्या डब्यात हातमोज्यांची एक जोडी पडली होती. लहान मापाची. तेवढ्या हातांचं लॅबमध्ये आता कुणीच नव्हतं. गीतानं बोट लावलं... आतून कोमट. ओलसर.

आणि तोंडात लसणाची चव आली.

कुलूप ज्या द्रावणात विरघळवतात, ते कातडीला लागलं की तोंडात लसूण येते. गीतानं बाटलीला हातही लावला नव्हता.

मागून आवाज आला... टक्.

थेंब मोजून सोडायच्या पिपेटच्या बटणाचा.

टक्... टक्...

मागं कुणी नव्हतं. लांबवर बोनालूचे ढोल वाजत होते. तेही बंद पडले.

"अक्का?"

आवाज थांबला. कामात कुणी व्यत्यय आणावा तसा.

मग पुन्हा... टक्.

गीता धावत गेटवर आली. "चाचा, अंदर कौन है?"

"त्योहार के दिन कौन आता अम्मा?" वॉचमन चाचा म्हणाला. "तुमकूच फुरसत है."

सोमवारी पेशी जिवंत होत्या. कुलूप घातलेल्या बशांमध्ये, रंग दिल्यावर, चरबीचे थेंब डाळिंबाच्या दाण्यांसारखे गच्च लाल. अक्काच्या जुन्या फोटोंशी तंतोतंत जुळणारे.

भूत म्हणजे सूड घेणार, असं आपण समजतो. या बाईनं मेल्यावरही सरांचंच काम पुरं केलं. फुकटात!

पेपर निघाला. पहिलं नाव सरांच्या भाच्याचं, कुलदीपचं. तो लॅबमध्ये एसीची हवा खायला यायचा. अक्का शेवटी, आभारात. गीता तिच्याही खाली.

"सर, आणि माझी नोकरी?"

"इतकी काय घाई? तू काय कुठं जातेस! तुझ्याशिवाय या पेशी जगतील का गं?"

गीताच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या दुपारीही आला नव्हता असा.

तिनं त्याच दिवशी राजीनामा दिला. मालनबाई चिडली, "डोकं फिरलंय का तुझं?"

"आई, तिथं मेलेल्या बाईला सुटी नाही. मला कुठली मिळणार?"

आता ती चिक्कडपल्लीत एका क्लासमध्ये शिकवते.

यंदा उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या दिवशी मायलेकी जेवत होत्या. फोन वाजला. चाचाचा.

"मॅडम, तुम लोगां कब निकलते? मेरेकू ताला लगाना है."

"चाचा, मैं तो कबका छोड़ दी. घर पे हूँ."



"पहले काच के पीछे एक बैठती थी, मॅडम," चाचा हळूच म्हणाला. "भाग्यलक्ष्मी अम्मा. मैं किसीकू नहीं बोला. अब दो बैठे. दूसरे... तुमीच हैं ना?"

गीतानं फोन ठेवला. ताट तसंच बाजूला सारलं.

सरांनी तिच्या जागी अजून कुणाला घेतलेलं नाही. घ्यायची गरज पडली नाही म्हणतात.

परवा भेटली तेव्हा मी विचारलं, "एकदा जाऊन बघायचंस तरी."



"काय बघू? मी तिथं आहे की नाही... हे?"