केकचा पहिला तुकडा

"दाल्वा, तोंड पुसून पुढे ये गं! आज पोरीच्या वाढदिवसाचा पहिला तुकडा कुणाला, ते आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे!" शेजारच्या दोना नाइर मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या आणि अंगणातल्या जाबुतिकाबाच्या झाडाखाली जमलेली सगळी माणसं हसली...

दाल्वा लाजली. चाळिशी उलटलेली बाई, पण लाजली! कोपऱ्यात लाल लिपस्टिक लावून बसलेली तिची धाकटी बहीण रोझिल्दा मात्र हसली नाही.

ही रोझिल्दा आपली आठ महिन्यांची पोर ताईच्या मांडीवर टाकून साओ पाउलोला कामाला गेली, ती परवा उगवली! पंधरा वर्षं ना पैसा, ना पत्र. पोरीला सांभाळायचं म्हणून दाल्वाने ठरलेलं लग्न मोडलं, अनिबालच्या हातावर मुकाट्याने अंगठी ठेवली आणि लोकांच्या वाढदिवसांचे केक करून तायनाराला वाढवलं. पण पोरीला आई नाही असं वाटू नये म्हणून ती वेडी काय करायची? स्वतःच निळे बूट आणायची, बाहुली आणायची, खोक्यात बांधायची आणि म्हणायची, "बघ, आईने पाठवलंय!" दरवर्षी वाढदिवसाचा पहिला तुकडा बशीत झाकून ठेवायलाही तिनेच शिकवलं होतं. आई येईल तेव्हा खाईल म्हणून. तिसऱ्या दिवशी तो कोंबड्यांना जायचा...

आणि आता आई खरंच आली होती. उद्या सकाळच्या बसने पोरीला घेऊन जाणार होती. तिथे शाळा चांगली होती, दाल्वाच हो म्हणाली होती. फक्त एकच आशा मनात उरली होती. पहिला तुकडा ज्याच्यावर आपण जिवापाड प्रेम करतो त्याला द्यायचा असतो. आज... निदान आज तरी!

टाळ्या झाल्या, गाणं झालं. तायनाराने रीतीप्रमाणे सुरी खालून वर उचलत केक कापला, डोळे मिटून मनातलं काहीतरी मागितलं. बशी घेऊन ती दाल्वाच्या समोर आली... दाल्वाचे हात आपोआप उचलले गेले...

आणि पोरगी तिला ओलांडून पुढे गेली!

"आई, हा तुझा."

दाल्वाने उचललेले हात तसेच वळवून टाळ्या वाजवल्या, एकटीनेच! मग "कॉफी उतू जातेय वाटतं" म्हणत ती स्वयंपाकघरात पळाली. कॉफी चुलीवर चढवलीच नव्हती. ओट्याला धरून ती अशी रडली, अशी रडली की तिला स्वतःचाच हुंदका ऐकवेना.

मागून रोझिल्दा आली. बशीतला तुकडा तसाच होता.

"ताई, ती म्हणते, निळे बूट अजून जपून ठेवलेत. कुठले गं बूट? मी तर एक रुमालसुद्धा पाठवला नव्हता! मी सांगते तिला आत्ता."

"खबरदार!" दाल्वाने तिचा हात धरला. "आज वाढदिवस आहे तिचा. आजच्या दिवशी तिची आई मारू नकोस. खा तो केक!"

"दिंदा..."

दोघी दचकल्या. दारात तायनारा उभी होती. बोलायला लागल्यापासून दाल्वाला ती दिंदा म्हणायची, धर्ममाता म्हणून.

"मला माहीतच आहे," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होते तेव्हापासून. साओ पाउलोहून येणाऱ्या खोक्याला तुझी गाठ कशी असायची गं? दोन वेढे आणि शेपूट आत खुपसलेलं. तुझ्या प्रत्येक केकच्या खोक्याला तीच असते!"

"अगं मग आज...?" दाल्वाने विचारलं.

"तुझं सगळं तू तिच्या नावावर देत आलीस ना? मग तुझा तुकडाही तिलाच दिला. तुझं एवढ्या वर्षांचं खोटं मी भर अंगणात कसं मोडू?"

रोझिल्दा मटकन खाली बसली. लिपस्टिक, काजळ, सगळं एक झालं. "मग माझ्याबरोबर येऊ नकोस पोरी! मी कोण आहे तुझी?"

"येणार," तायनारा तिच्या शेजारी जमिनीवर बसली. "तुला काही येत नाही ना आईपण. कुणीतरी शिकवायला हवं. मी दिंदाकडे शिकलेय..."

दाल्वाने ॲप्रनच्या टोकाने तोंड दाबून धरलं. आपण पोरीला वाढवता वाढवता नेमकं हेच शिकवलं तर! स्वतःचं सगळं देऊन टाकायला!

दुसऱ्या दिवशी सहाची बस आली. पायरीवर एक पाय ठेवून तायनाराने रोजच्यासारखं म्हटलं, "आशीर्वाद दे, दिंदा."

पंधरा वर्षांत एकदाही न चुकलेलं उत्तर त्या सकाळी दाल्वाकडून वेळेवर आलंच नाही. बस वळणापाशी गेली, दिसेनाशी झाली, धूळ बसली, आणि मग कुठे रिकाम्या रस्त्याला ती म्हणाली, "देव तुझं भलं करो, बाळा..."

हातात एक छोटं खोकं होतं. बस सुटता सुटता पोरीने खिडकीतून दिलेलं. आत कालचा तोच, केकचा पहिला तुकडा होता. खोक्याला दोन वेढ्यांची गाठ होती... जरा सैल, नवशिक्या हाताची. शेपूट मात्र नीट आत खुपसलेलं.