गच्चीवरची नीळ

बादलीतलं पाणी निळंशार आणि त्यातून काढून धुतलेला रुमाल मात्र पांढराफेक! असं कसं झालं? चार्वीला रडूच फुटलं.

तिची आई उद्या संध्याकाळी चंद्रावरच्या वसाहतीत निघणार होती, दोन वर्षांसाठी. तिथे बाहेर हवा नाही, म्हणून आभाळ दिवसाही काळंच. आईला निळा रुमाल द्यायचा, तोही गच्चीवर स्वतः वाढवलेल्या निळीच्या झाडांनी रंगवून, असा चार्वीचा गुपचूप बेत होता. तिनं पाला भिजत घातला आणि घरच्या यंत्रमानवाला, खटपट्याला, बजावलं, "बादलीकडे लक्ष ठेव हं."

खटपट्यानं लक्ष ठेवलंच! पाण्याला वास येताच त्यानं पाला काढून टाकला आणि माशांच्या टाकीतला हवापंप बादलीत सोडला. "गुदमरली होती बिचारी," तो म्हणाला. अगदी नावाला जागला.

रडणं ऐकून आई वर आली. आता कसलं गुपित राहतंय!

"अगं वेडे, नीळ कुठे गेली नाही," रसायनतज्ज्ञ आई म्हणाली. "पाल्यातून उतरलेल्या अर्काला ऑक्सिजन (प्राणवायू) मिळाला की तो निळा होतो. पण निळी झालेली नीळ पाण्यात विरघळत नाही. तिचे बारीक कण नुसते तरंगतात. धाग्यात शिरतच नाहीत, मग धुतल्यावर टिकतील कसे?"

"मग काय करायचं?"

"तिचा निळेपणा काही वेळ काढून घ्यायचा. याला क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) म्हणतात. गूळ आण. चुना मी घालते, तो हाताला चावतो."

हवापंप काढल्यावर हळूहळू तळाशी बसलेला निळा गाळ, कोमट पाणी, गूळ आणि चुना घालून त्यांनी बादली झाकली.

"जरा हवा घालू?" खटपट्यानं विचारलं.

"नको!" दोघी एकदमच ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी पिवळट हिरवं झालं होतं. त्यात बुडवलेला रुमालही तसाच निघाला. चार्वीचा चेहरा पडला.

"थांब. वाऱ्यावर धर."

आधी कडा निळ्या झाल्या. मग बघता बघता सगळाच रुमाल निळा झाला!

"विरघळलेली नीळ धाग्यात शिरली," आई म्हणाली, "आणि हवा लागताच निळी होऊन तिथेच अडकली. आता धू खुशाल."

"म्हणजे चंद्रावर उघड्यावर धरला असता तर पिवळाच राहिला असता?"

"हो. पण आमच्या घुमटात हवा आहे."

चार्वी धावत गेली आणि निळीच्या वाळक्या शेंगा ओंजळभर घेऊन आली. "मग तिकडे लाव या. पहिला रुमाल रंगला की मला दाखव."

स्वच्छ धुतलेल्या त्या ओल्या रुमालानंच आईनं चार्वीचे डोळे पुसले, मग स्वतःचे. रंग जरासुद्धा उतरला नाही.