पहिला धूर

भैरवकड्याच्या माथ्यावर उजाडू लागले की गडाच्या पूर्व बुरुजावरचा हवालदार दौलती सूर्याकडे नव्हे, खाली रानात वसलेल्या नव्या वाडीकडे पाहत असे. सात वर्षांपूर्वी तिथे करवंदीच्या जाळ्या आणि वाघाचा वावर यांखेरीज काही नव्हते. किल्लेदारांनी रान तोडून वस्ती करण्याचा कौल दिला आणि सुभानजी घोरपे धाकट्या भावासह रान तोडायला आला. पहिल्याच पावसाळ्यात वाघाने सुभानजीला नेले. त्याची बायको राही मात्र परतली नाही. तिने मुळे खणली, बांध घातले, दुरून आलेल्यांना जागा दिली. वाडीतली पहिली चूल तिची. म्हणून रोज पहाटे ती आपली चूल फुंकी, आणि मग बाकीच्या बाया खापरीत तिचा विस्तव नेऊन आपापल्या चुली पेटवीत.

मुलूख सरहद्दीचा होता. ओढ्यापलीकडे सर्जेराव निंबोरे दबा धरून बसलेला. म्हणून किल्लेदारांनी राहीशी एक संकेत ठरवला होता. पहिला धूर तिच्या घरातून निघाला तरच लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या बायांसाठी गडाची दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातले लहान दार, उघडायची. दुसऱ्या कुठल्या घरातून निघाला, तर वाडीत शत्रू आहे असे समजायचे. वाडीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होते.

आणि हेच राहीच्या धाकट्या जावेला, सगुणेला, डाचत होते. रान तिनेही तोडले होते. तिच्याही तळहातांना घट्टे होते. पण रोज खापरी घेऊन जावेच्या उंबऱ्याशी उभे राहावे लागे, आणि राही म्हणे, “घे हो सगुणा, जपून ने.” त्या ‘जपून’ने तिचा जीव जळे.

वाडीत एक कासार येई. विधवेच्या दारी त्याचे काय काम? तो सगुणेच्याच ओसरीवर बसे. एके दिवशी तिच्या हातात हिरवा चुडा भरताना तो हळूच म्हणाला, “वहिनीसाहेब, या हातांना पाटलीण म्हणून मुजरा व्हायला हवा. सर्जेरावांच्या मनात आलं, तर पाटिलकी तुमच्या धन्याच्या नावे होईल. वाडीतल्या कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही. फक्त सांगा, गडाची दिंडी कधी उघडते?”

सगुणेने चुड्यावरून हात फिरवला. मग तिने मोळ्यांची वेळ सांगितली, वाट सांगितली. धुराचे तेवढे सांगितले नाही. जावेचा तो मान परक्यापुढे उच्चारायला तिची जीभ वळेना.

चौथ्या दिवशी पहाटे, उजाडण्याआधीच, वाडीला वेढा पडला. सगळी माणसे मारुतीच्या पारापाशी कोंडली गेली. सर्जेरावाचे बारा गडी लुगडी नेसून, मोळ्यांत तलवारी दडवून तयार झाले. पोरे रडू लागली. एका शिपायाने म्हाताऱ्या भागूमावशीला ढकलले, तशी सगुणा सर्जेरावासोबत आलेल्या कासारावर उसळली, “केसालाही धक्का लागणार नाही म्हणाला होतास!”

कासार हसला. “वहिनीसाहेब, बांगडी भरताना थोडं दुखतंच.”

“पुरे!” सर्जेराव म्हणाला. “गडाला संशय येता कामा नये. रोजच्यासारखी वाडी दिसू द्या. पहिली चूल कोणाची पेटते?”

राहीने सगुणेकडे पाहिले. ‘राहीची’ या एका शब्दात पाटिलकी होती, आणि त्याच शब्दात गड जाणार होता.

“माझी,” सगुणा ताठ मानेने म्हणाली. “सारी वाडी माझ्याकडून विस्तव नेते.”

“खरं का गं?” सर्जेरावाने राहीला विचारले.

राहीने मान डोलावली. “खरं. मीही तिच्याच दारी खापरी घेऊन उभी राहते.”

सगुणेने चूल पेटवली. सात वर्षे जो धूर तिने मनात पाहिला होता, तो आज तिच्या छपरातून सरळ वर गेला. बुरुजावर दौलतीने डोळे बारीक केले आणि वळून ओरडला, “दिंडी बंद! तोफेला बत्ती द्या!”

लुगडी नेसलेले गडी दरवाजाशी पोचले, तेव्हा वरून धोंडे आणि गोळ्या बरसल्या. तोफेचा आवाज ऐकताच सर्जेराव सगुणेवर धावला. “खोटं बोललीस!” त्याच्या वाराने हिरवा चुडा फुटला आणि दोन बोटे गेली. एवढ्यात गडावरून घोडेस्वार उतरले. पळता पळता शत्रूने घरांना आगी लावल्या.

दुपारी किल्लेदार खाली आले. “दिंडीची वेळ बाहेर कशी गेली?”

“मी सांगितली,” सगुणा म्हणाली. हाताला चिंधी बांधलेली होती. “जावेच्या मत्सरानं सांगितली. शिक्षा करा.”

राही उठली. जळक्या घरांतून तिने एक खापरी उचलली आणि सगुणेपुढे धरली. “आधी पोरांना पेज शिजू दे, सरकार. सगुणा, तुझ्या चुलीतला विस्तव दे.”

सगुणेने डाव्या हाताने निखारे काढले. डोळे भरले होते, तरी ती पुटपुटली, “इथंही मोठेपणा तूच घेतलास, जाऊबाई.”

“जपून दे हो,” राही म्हणाली.

किल्लेदारांनी सगुणेला वाडीतून काढले. पण गड वाचवला म्हणून ओढ्यापलीकडचे, सर्जेराव पळाल्याने मोकळे झालेले रान नव्या कौलाने तिला दिले. नवऱ्यासह तिने तेही तोडले. तिथे पहिली चूल तिचीच झाली. पण रोज पहाटे ती आधी बाहेर येऊन समोरच्या वाडीकडे पाही, आणि जावेचा धूर दिसला नसला तर घाईघाईने फुंकर घाली. राहीही काही कमी नव्हती.

बुरुजावरचा दौलती हसत हसत दोन्हीकडे पाही. दोन्ही धूर दिसल्याशिवाय मात्र भैरवकड्याची दिंडी उघडत नसे.