भट्टीमागचे डबे

जॉयसच्या हातातल्या टेम्परेचर गनचा लाल ठिपका पाइपवरून सरकत सरकत गेला आणि थेट एका निळ्या शर्टाच्या खिशावर जाऊन थांबला.

"किती आलं, मॅडम?" शर्टाच्या मालकाने विचारलं.

"अडतीस," ती गडबडली. "सॉरी... मला पाइपचं हवं होतं."

"अडतीस? म्हणजे तापच की! सकाळी अगदी बरा होतो हो मी —"

जॉयसचा सेफ्टी चष्मा घामाने आधीच धूसर झाला होता, त्यात तिला हसू आवरेना. हा रामेश्वर, गुहागरचा. शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या त्या फोर्जिंगच्या कारखान्यात भट्टीचा फोरमन. लोखंड लाल करून हातोड्याखाली पाठवायचं काम त्याचं. आणि वसईची जॉयस एनर्जी ऑडिटर. ती भट्टी गॅस फार प्यायची, तिचं पिणं कमी करून दाखवायचं काम हिचं.

धुराड्याच्या उष्णतेवर बर्नरची हवा तापवायची सोय कारखान्यात होती, पण ती तापलेली हवा आणणारा पाइप उघडा. अर्धी ऊब वाटेतच सांडायची. जॉयसने पाइपला जाड, पांढरं आच्छादन गुंडाळायचं ठरवलं.

"या उकाड्यात पाइपला गोधडी?" रामेश्वरने विचारलं.

"थंडी वाजतेय त्याला," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

मग रोजचंच झालं. तिच्यासाठी तिथल्या दाट, दुधाळ करक चहाचा कप आपोआप यायचा. बांगड्याचं कालवण गुहागरचं भारी की बाटली मसाल्यातलं वसईचं, यावर वाद रंगायचा. भट्टीचं दार उघडलं की नारिंगी उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडायचा, आणि जॉयस मीटरकडे बघायचं सोडून... असो. बघायची, एवढं खरं.

गोधडी चढली. दोन दिवस गॅस उतरला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा होता तिथे! मॅनेजर रिझवानसाहेबांनी तिच्या ऑफिसला फोन लावला आणि ऑफिसने तिला स्पष्टच बजावलं, या आठवड्यात सेव्हिंग दिसलं नाही तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही. कॉन्ट्रॅक्ट नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही म्हणजे परत वसई.

जेवणाच्या सुट्टीत ती भट्टीमागे गेली आणि बघतच राहिली. गोधडी सोडून खाली टाकलेली, आणि पाइपला खेटून स्टीलचे डबे ओळीने गरम होत होते. भट्टीवरची माणसं वर्षानुवर्षं तिथंच डबे तापवत आली होती; गोधडी चढल्यावर दोन दिवस गार जेवून ती कंटाळली होती. तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं! जेवून सगळे घाईने कामाला लागत, आणि गोधडी संध्याकाळपर्यंत तशीच पडून राही.

रामेश्वर तिथेच उभा होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग बोलला का नाहीत?"

"गोधडीची ट्रायल पास झाली की इथलं तुमचं काम खलास. मग तुम्हाला डोंगरापलीकडे खोर फक्कानच्या वर्कशॉपला पाठवणार, असं साहेब म्हणाले. म्हटलं, अजून चार दिवस... दिसाल."

"इकडे माझी नोकरी चाललीय, रामेश्वर!" तिचा आवाज चढला.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "हे... खरंच ठाऊक नव्हतं मला."

राग तर आलाच होता. पण त्याच्या तळाशी काहीतरी गोड लागत होतं, आणि त्याचा तिला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या वाटेतच उभा. "चूक माझी आहे, निस्तरतोही मीच. नुसतं सांगा, फुकट जाणारी ऊब कुठे आहे?"

तिने त्याला धुराड्याच्या पुढच्या भागापाशी नेलं. हवा तापवून झाल्यावर उरलेली ऊब तिथून आभाळात जायची. रामेश्वरने भंगारातला पत्रा आणून तिथे कप्प्यांचं कपाट वेल्ड केलं. जॉयस कुठला कप्पा किती तापतो ते मोजत राहिली. दोघं कामापुरतंच बोलत होते, पण चहा मात्र पुन्हा येऊ लागला होता. दुपारी पहिल्या डब्यातून वाफ निघाली तसा भट्टीवर एकच गलका झाला.

गोधडीला पुन्हा कुणी हात लावला नाही. गॅस उतरला तो उतरलाच. रिझवानसाहेबांनी रिपोर्टवर सही केली, जॉयसचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, आणि त्याबरोबर खोर फक्कानची ऑर्डरही आली.

निघताना रामेश्वर गेटपर्यंत पोचवायला आला. बाहेर दमट वारा सुटला होता.

"मागे गप्प बसलात," ती म्हणाली. "आजही बसणार?"

तो थोडा घुटमळला. "नाही. मला तुम्ही आवडता, जॉयस. फार. घरी काय म्हणतील, ठाऊक नाही. तुमच्या घरी तर त्याहून नाही..."

"पप्पांना मी बघते," ती म्हणाली. तिचे कान तापले होते. "डोंगरातून दीड तासाचा रस्ता आहे. रविवारी मिस्सा झाली की मी मोकळीच असते."

"मग येतो की. दर रविवारी."

"दर?"

"इन्शाल्ला."

"ते टाळायला ऑफिसात चालतं," जॉयसने त्याच्या डोळ्यांत बघितलं. "मला हो म्हण."

"हो," रामेश्वर म्हणाला.